उत्सर्जन आणि इंदूरची रीत

राजेंद्र नगरात सकाळी कचरागाडीचे गाणे कानी पडले की आम्ही ओला व सुका कचरा वेगवेगळ्या डब्यांत घेऊन फाटकाशी उभे राहतो. २०१७ साली देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर प्रथम आले, याचा आम्हांसही अभिमान आहे. मात्र टाकाऊ वस्तूंचा शास्त्रशुद्ध विचार या नगरीत त्याच्या कितीतरी आधी झाला होता आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा होता, याची जाण आज फार थोड्यांना आहे.

निवडून टाकण्याचे हे काम आपले शरीर अहोरात्र करीत असते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून काढतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, परंतु मूत्ररूपाने बाहेर पडतो तो दीड लिटरच्या आसपास. उरलेला सारा रक्तात परत घेतला जातो. टाकण्याइतकेच राखण्याचेही भान या लहानशा अवयवांस असते.

नेमके हेच भान इंदुरात शेतीच्या संदर्भात प्रकट झाले. १९२४ साली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था अल्बर्ट हॉवर्ड यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली. पालापाचोळा, शेण, राख आणि गोठ्यातील मूत्र मुरलेली माती यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत तेथे सिद्ध झाली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. शरीराने नाकारलेल्या युरियातील नत्र मातीतील जीवाणूंच्या कृपेने पुन्हा पिकाच्या उपयोगी पडतो, हे त्या मूत्रमातीचे मर्म होय.

१९३१ साली या प्रयोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक दोन : हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. शरीरात युरिया कसा तयार होतो, याचा उलगडा क्रेब्स व हेन्सलाइट यांनी जर्मनीत केला तो पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये. पुढे १९३४ साली जॅक्सन व वाड यांनी मानवी वस्तीतील मलमूत्र व केरकचरा यांनाही हीच रीत लागू करणारी पुस्तिका काढली.

हॉवर्ड यांची कीर्ती योग्यच होती, पण वाड यांचे नाव मात्र मागे पडले. मैला वाहणाऱ्यांची तर नावेही कोणी नोंदली नाहीत. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा होण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि २०१३ मध्ये तो अधिक कडक करावा लागला. शासकीय सेवेत उभी हयात कागद राखण्यात घालविलेल्या आम्हांस ही उणीव विशेष बोचते. निदान आपल्या सभेच्या दप्तरी तरी यशवंत वाड यांचे नाव राहावे, एवढ्यासाठीच हे टिपण.