प्लांट, रॉबर्ट : गळ्याची स्थित्यंतरे

प्लांट, रॉबर्ट अँथनी : (२० ऑगस्ट १९४८– ). इंग्लिश रॉक गायक व गीतकार. जन्म वेस्ट ब्रॉमिच येथे. ‘लेड झेपेलिन’ (१९६८–८०) या बँडचा गायक म्हणून जगभर ख्याती. त्यानंतर स्वतंत्र गायक. रॉक गायकाचा आवाज दीर्घ कारकिर्दीत कसा बदलतो, हे वर्षावर्षाने तपासून पाहता येईल इतकी मुद्रणे त्याच्याइतक्या विपुल प्रमाणात फार थोड्या गायकांची उपलब्ध आहेत. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याच्या गळ्याचाच मुख्यत्वे विचार केला आहे.

आरंभ : मिसिसिपीच्या ब्लूज गायकांचा, विशेषतः रॉबर्ट जॉन्सनचा, संस्कार किशोरवयातच झाला. १९६६-६७ मध्ये सीबीएस कंपनीसाठी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी ‘अवर साँग’ (१९६७) हे संथ, भावपूर्ण गीत असून पुढे त्याची ओळख ठरलेली किंकाळी त्यात नाही.

तार सप्तकाचा काळ (१९६८–७२) : लेड झेपेलिनचा पहिला संग्रह १९६८ च्या शरद ऋतूत लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत मुद्रित झाला, तेव्हा प्लांट वीस वर्षांचा होता. ‘यू शुक मी’ या गाण्यात बँडचा गिटारवादक जिमी पेज याची गिटार आणि प्लांटचा गळा यांचा सवाल-जवाब आहे. गिटार जिथे चढते तिथे आवाजही चढतो. सेकंदाला ४४० कंपनांच्या वरचे स्वर तो या काळात छातीच्या भरदार आवाजाचा रंग राखून लावी आणि त्यात हवी तेव्हा खरखर मिसळी. ‘इमिग्रंट साँग’ (१९७०) व ‘ब्लॅक डॉग’ (१९७१) ही याची ठळक उदाहरणे. मैफिलींतील आवाजाचा उत्तम नमुना म्हणजे २५ व २७ जून १९७२ रोजी अनुक्रमे लॉस अँजेलिस व लाँग बीच येथे मुद्रित झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ हा संग्रह.

शारीरिक कारणे : ४४० कंपनांचा स्वर लावताना स्वरतंतू सेकंदाला तितक्याच वेळा एकमेकांवर आदळतात. आवाज जितका मोठा, तितका आघात जोरकस. विजेवरच्या गिटारी आणि बँडमधील जॉन बॉनमसारख्या दणदणीत ड्रमवादकासमोर, स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसताना, दोन-तीन तास गाणाऱ्याला हा आघात टाळणे अवघड जाते. तंतूंच्या नाजूक आवरणाला सूज येते. विश्रांती मिळाली नाही, तर कडांच्या मधोमध गाठी धरतात. मग तंतू पूर्ण मिटत नाहीत, हवा निसटते व आवाज घोगरा होतो. उंच आणि हळुवार स्वर सर्वांत आधी जातात. मधले व खालचे स्वर पुष्कळ काळ टिकतात. धूम्रपान, दौऱ्यातील जागरणे व तापात गाणे यांनी हानी वाढते. वयपरत्वे होणारे बदल याहून वेगळे : स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, तंतूंचे स्नायू बारीक होतात, श्वासाचा दम कमी होतो. प्लांटच्या बाबतीत पहिल्या प्रकारचे बदल पंचविशीच्या आतच दिसू लागले.

बदलाचा काळ (१९७२–७५) : नेमका बदल केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. काही जाणकार १९७२ च्या ऑक्टोबरमधील जपान दौऱ्याकडे, तर काही १९७२-७३ च्या हिवाळ्यातील आजारपणाकडे बोट दाखवतात. निर्णायक पुरावा मुद्रणांचाच आहे. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या व पुढे चित्रपटरूपाने आलेल्या मैफिलींत ‘रॉक अँड रोल’ या गाण्याची चाल प्लांट मूळ उंचीवर गात नाही, खालच्या स्वरांवरून फिरवून नेतो. लाँग बीचच्या मैफिलीपासून हे अंतर अवघ्या तेरा महिन्यांचे आहे. १९७३ च्या ‘हाउसेस ऑफ द होली’ संग्रहातील ‘द साँग रिमेन्स द सेम’ या गाण्याचा आवाज ध्वनिफितीची गती वाढवून चढवला असल्याचे मानले जाते.

‘फिझिकल ग्राफिटी’ (१९७५) हा जोडसंग्रह या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. त्यात १९७४ मध्ये हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज येथे सुरू झालेल्या नव्या गाण्यांबरोबरच आधीच्या सत्रांतून उरलेली गाणीही घातलेली आहेत. ‘नाइट फ्लाइट’ (मुद्रण १९७१) व ‘हाउसेस ऑफ द होली’ (मुद्रण १९७२) या गाण्यांतील स्वच्छ, लखलखीत आवाज आणि ‘कस्टर्ड पाय’ किंवा ‘सिक अगेन’ (१९७४) मधील दाणेदार, आवळलेला आवाज एकाच संग्रहात पाठोपाठ ऐकता येतात. ‘कश्मीर’ (१९७४) मध्ये मात्र हाच बदललेला आवाज रचनेला पुरेपूर शोभतो. दीर्घ, ताणलेले स्वर आणि त्यांच्या कडेने फिरणारी हरकत यांवर ते गाणे उभे आहे; मोरोक्कोत कानी पडलेल्या अरबी गायकीचा, विशेषतः इजिप्तची गायिका उम्म कुलसुम हिचा, प्रभाव प्लांटने मान्य केला आहे.

याच काळात घशावर शस्त्रक्रिया झाल्याचे प्लांटने नंतर सांगितले असल्याचे वृत्त आहे. तिच्या तारखेबाबत एकवाक्यता नाही. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिका दौऱ्याच्या आरंभीच त्याला फ्लू झाला व सेंट लुईस येथील मैफल पुढे ढकलावी लागली.

मुंबईतील मुद्रण : १९७२ मध्ये पेज व प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन रचना नव्याने मुद्रित केल्या. जुन्या संदर्भांत मार्च महिना आढळतो. आता ऑक्टोबर ग्राह्य धरला जातो. ही मुद्रणे अधिकृतपणे २०१५ मध्ये लेड झेपेलिनच्या ‘कोडा’ या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत आली. पौर्वात्य वाद्यमेळाबरोबर गाण्याचा हा प्रयोग प्लांटने सोडला नाही. १९९४ च्या ‘नो क्वार्टर’ प्रकल्पात याच दोन रचना इजिप्शियन वादकांसह सादर झाल्या.

१९७५–८० : ४ ऑगस्ट १९७५ रोजी ऱ्होड्स बेटावर मोटार अपघातात गंभीर दुखापत. ‘प्रेझेन्स’ (१९७६) म्यूनिक येथे चाकाच्या खुर्चीत बसून गायिला. १९७७ मध्ये मुलाचा मृत्यू. बॉनमच्या निधनानंतर (२५ सप्टेंबर १९८०) बँड विसर्जित.

स्वतंत्र कारकीर्द : पहिला संग्रह ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ (१९८२). ‘हनीड्रिपर्स’ या नावाने गायिलेल्या ‘सी ऑफ लव्ह’ (१९८४) मध्ये जोर न लावता, माइकजवळ गाण्याची पद्धत प्रथमच ठळकपणे दिसते. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मैफिलीत जुनी गाणी गाताना आवाज बसलेला होता. जुन्या गाण्यांना जुन्याच गळ्याची अपेक्षा असते आणि नव्या गळ्याला नवे गाणे लागते, ही जाणीव त्याच्या पुढील निवडींत स्पष्ट दिसते.

उत्तर काळ : ‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणे दोनदा मुद्रित झाले : पेजसह ‘वॉकिंग इंटू क्लार्क्सडेल’ (१९९८) या संग्रहात आणि गायिका ॲलिसन क्राउससह ‘रेझिंग सँड’ (२००७) मध्ये. दुसऱ्या मुद्रणाची लय संथ आहे. आवाज जवळजवळ बोलण्याच्या उंचीवर राहतो आणि क्राउसच्या आवाजाशी इतका एकजीव होतो, की दोघांचा श्वास एकत्र सुटतो. पूर्वी कर्कशतेकडे झुकणारी खरखर येथे ऊब होऊन येते. याच गाण्याला २००९ मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ आणि संग्रहाला ‘अल्बम ऑफ द इयर’ हे ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्या वर्षीचे एकूण पुरस्कार पाच.

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओ-टू सभागृहात लेड झेपेलिनचे पुनर्मीलन झाले. तेथे बरीच गाणी मूळ पट्टीपेक्षा सुमारे एक स्वर खाली उतरवली होती. त्यानंतर पुनर्मीलनाच्या दौऱ्याला प्लांटने नकार दिला. त्याची कारणे वेगवेगळी दिली जातात. आवाज हे एकमेव कारण मानता येत नाही. क्राउससह २००८ च्या दौऱ्यात ‘ब्लॅक डॉग’ बँजोच्या साथीने, संथ लयीत गायिले गेले.

वाद्ये : माउथ ऑर्गन.

सन्मान : सीबीई (२००९), लेड झेपेलिनसह केनेडी सेंटर सन्मान (२०१२).

मूल्यमापन : चाहत्यांच्या मोठ्या वर्गाला १९७२ पूर्वीचा प्लांटच खरा वाटतो, आणि त्या आवाजाचे तेज वादातीत आहे. तथापि ते तेज चार-पाच वर्षांचेच होते. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे त्याने उरलेल्या गळ्यातून नवी गायकी घडवण्यात घालवली : पट्टी उतरवली, लय सैल केली, जोडगायकाला जागा दिली, शब्दाला महत्त्व दिले. २०२५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, ‘सेव्हिंग ग्रेस’ हा त्याचा संग्रह सूझी डिअन या गायिकेसह प्रसिद्ध झाला. गायक म्हणून त्याची थोरवी ठरवताना हा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक, जमेस धरला पाहिजे.