पलटणीची तोफ

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते आणि १९४४ साली मणिपूरच्या डोंगरात जपान्यांशी लढले होते. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं अंगणात झोपायचो, तेव्हा कधीतरी लहर लागली तर एखादी आठवण निघायची.

अशाच एका रात्री त्यांनी जपान्यांच्या 'बारक्या तोफे'बद्दल सांगितलं. "कमरेएवढीबी नव्हती. समोरच्या झाडीत माणसांनी ढकलत आणून ठेवलेली. आधी धडाम् व्हायचं, मग गोळा यायचा. तेवढ्यात डोकं खाली घ्यायचं."

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. म्हणजे सर्वज्ञ! मी ताडकन म्हणालो, "आबा, असं होत नाही. गोळा आवाजापेक्षा जोरात जातो. आधी गोळा येणार, मग आवाज." चुलतभाऊ हसले. आबाही कसनुसं हसले आणि म्हणाले, "आसंल बाबा, तू शिकलेला." त्यानंतर लढाईची गोष्ट त्यांनी माझ्यासमोर कधी काढली नाही.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे हल्ली माझं त्या तोफेबद्दलचं वाचन. तर मंडळी, आज त्या तोफेची गोष्ट.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. खंदकातून बाहेर पडून पायदळ पुढे निघालं की एखादी लपलेली मशीनगन अख्खी तुकडी कापून काढायची. मोठ्या तोफा होत्या, पण कित्येक किलोमीटर मागे. त्यांना निरोप द्यायचा तर टेलिफोनची तार गोळाबारीत तुटलेली, आणि निरोप्या जिवंत पोचला तरी तोवर वेळ निघून गेलेली. समोर दिसणारी मशीनगन उडवायला पायदळाला स्वतःच्या हातातली तोफ हवी होती.

यावर दोन उत्तरं निघाली. फ्रेंचांनी १९१६ मध्ये ३७ मिलिमीटरची एक छोटी तोफ आणली. वजन सुमारे १०८ किलो, सरळ रेषेत मारा. नेम धरून मशीनगनच्या भोकात गोळा घालायचा. इंग्रजांकडे १९१५ मध्ये विल्फ्रेड स्टोक्सने साधी उखळी तोफ बनवली होती. तिचा गोळा उंच जाऊन वरून पडायचा, त्यामुळे टेकडीच्या पलीकडे किंवा खंदकात लपलेल्यालाही गाठता यायचं. एकीला आडोशामागचं जमत नव्हतं, दुसरीला अचूक नेम जमत नव्हता.

जपानने आधी दोन्ही घेतल्या. १९२२ मध्ये त्यांची ३७ मिलिमीटरची पायदळी तोफ आणि ७० मिलिमीटरची उखळी तोफ अशी जोडी आली. दोघींचं नाव 'टाइप ११', कारण ते तैशो सम्राटाच्या राजवटीचं अकरावं वर्ष. पण दोन शस्त्रं म्हणजे दोन प्रकारचे गोळे, दोन तुकड्या, दुप्पट ओझं. मग त्यांनी विचार केला, की ही दोन्ही कामं एकीनेच केली तर?

त्यातून १९३२ मध्ये 'टाइप ९२' आली. जपानी शाही कालगणनेप्रमाणे ते २५९२ वं वर्ष, म्हणून ९२. व्यास ७० मिलिमीटर, नळी मीटरभरही लांब नाही, एकूण वजन सुमारे २१६ किलो. नळी आडवी ठेवली तर समोरच्या मोर्च्यावर सरळ मारा, वर उचलली तर उखळीसारखा. गोळ्यामागची दारू कमी-जास्त करता यायची, त्यामुळे जवळचं-लांबचं दोन्ही साधायचं. चाकांचा कणा फिरवून अख्खी तोफ आणखी खाली बसवता यायची, म्हणजे गवतात दिसायची पण नाही. एक घोडा ती ओढू शकायचा. घोडा नसेल तर सुटी करून माणसांनी वाहून न्यायची.

प्रत्येक पलटणीला अशा दोन तोफा. जपानीत तिचं नावच मुळी 'पलटणीची तोफ' असं होतं. त्यात सगळा मुद्दा आला. ही तोफ कुणा लांबच्या तोफखान्याची नव्हती. वर अर्ज करायला नको, परवानगी मागायला नको. ती पायदळाबरोबर चालायची आणि पायदळाबरोबरच मरायची.

जर्मनांचंही असंच चाललं होतं. त्यांची ७५ मिलिमीटरची हलकी पायदळी तोफ ४०० किलोची, आणि १५० मिलिमीटरची जड बहीण तर दीड टनाच्या वर. युरोपात रस्ते होते, घोडे होते, म्हणून ते खपलं. आपल्या बाजूला, म्हणजे ब्रिटिश हिंदी सैन्यात, पायदळाला अशी स्वतःची तोफ नव्हती. त्यांच्याकडे तीन इंची उखळी तोफा असत, आणि डोंगरात सोबतीला ३.७ इंची हॉवित्झर. ती सुटी करून आठ खेचरांवर लादत. पण ती तोफखान्याची, पलटणीची नव्हे.

आता मणिपूर. मार्च १९४४ मध्ये जपानची ३१ वी डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून कोहिमाकडे निघाली. मध्ये रस्ते नाहीत, नुसते उभे डोंगर आणि जंगल. बरोबर तीन आठवड्यांचा शिधा, आणि खाण्यासाठी हाकत आणलेली गुरं. तोफा जनावरांवर आणि माणसांच्या खांद्यांवर. वाटेत उखरूलजवळ संगशाक नावाच्या गावी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आडवी आली. आबांची पलटण तिथेच होती. काटेरी तारा नाहीत, पाणी जवळपास नाही, खडकामुळे खंदक पुरेसे खोल खणता येत नाहीत. तरीही २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत ती माणसं तिथे टिकून राहिली. त्या दिवसांत जपान्यांचा जो खोळंबा झाला, तो पुढे कोहिमाच्या आणि इंफाळच्या बचावाला उपयोगी पडला.

आणि आता मूळ मुद्दा. वाचताना या तोफेच्या माहितीत एक आकडा दिसला आणि मी थांबलो. गोळ्याचा नळीतून सुटतानाचा वेग : सेकंदाला सुमारे १९८ मीटर.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर.

कागद घेऊन हिशोब केला. तोफ ४०० मीटरवर असेल तर आवाज सव्वा सेकंदाच्या आत पोचणार. गोळ्याला निदान दोन सेकंद लागणार. मधे पाऊण सेकंद. डोकं खाली घ्यायला पाऊण सेकंद पुरतो. आबा अगदी बरोबर सांगत होते. नळी आखूड, दारू थोडी, म्हणून तोफ हलकी आणि म्हणूनच गोळा संथ. जी गोष्ट त्या तोफेला डोंगर चढू देत होती, तीच समोरच्याला पाऊण सेकंदाची उसंत देत होती.

मी पुस्तकातला सर्वसाधारण नियम सांगितला होता. आबांनी त्या एका तोफेबद्दल सांगितलं होतं, आणि ते त्यांनी आपल्या कानांनी मोजलं होतं.

त्या तोफेचं पुढे काय झालं? पल्ला जेमतेम २,८०० मीटर, म्हणजे ती कायम शत्रूच्या उखळी तोफांच्या टप्प्यात. रणगाड्यापुढे तिचं फारसं चालत नसे. मे महिन्याच्या अखेरीस ३१ व्या डिव्हिजनचा सेनापती सातो याने वरिष्ठांचा हुकूम मोडून कोहिमाहून उपाशी सैन्य मागे घेतलं. त्या पावसातल्या माघारीत तोफा वाटेतच टाकाव्या लागल्या. स्वतःचं शरीर ओढवत नाही, तिथे २१६ किलो कोण ओढणार! युद्धानंतर उरलेल्या काही चीनमध्ये आणि व्हिएतनाममध्येही वापरल्या गेल्या. पण एकूण हा प्रकारच मागे पडला. उखळी तोफा स्वस्त आणि हलक्या झाल्या, खांद्यावरून डागायची शस्त्रं आली, आणि वायरलेसमुळे लांबचा तोफखाना दोन मिनिटांच्या अंतरावर आला. आज आपल्या पायदळाकडे ८१ मिलिमीटरची मॉर्टर आणि खांद्यावरची कार्ल गुस्ताफ असते. काम तेच, चाकं गेली.

हे सगळं आबांना सांगायला हवं होतं. त्याहून जास्त म्हणजे त्यांना विचारायला हवं होतं. झाडी किती लांब होती? गोळे किती येत? शेजारी कोण होतं, आणि ज्याला तो पाऊण सेकंद पुरला नाही असं कोणी होतं का? त्या रात्री अंगणात एक माणूस हे सगळं सांगायला तयार बसला होता, आणि मी त्याला फिजिक्स शिकवलं.

घरातल्या भावंडांपैकी कोणाला आबांनी आणखी काही सांगितलेलं आठवत असेल, तर कृपा करून लिहून ठेवा. चूक-बरोबर मागाहून बघू.