मोहीम आणि शर्यत

महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावून कोयना नदी सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकाएकीं पूर्वेकडे वळून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. ह्या वळणापाशींच कोयनानगर वसलेलें आहे. नकाशावर हें वळण मोठें ठसठशीत दिसतें. परंतु आषाढांत जो मनुष्य तेथें उभा राहील, त्याला नकाशांतील एकहि खूण डोळ्यांपुढें सांपडावयाची नाहीं. एका हंगामांत चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारा हा मुलूख. समोरचा डोंगर धुक्यांत बुडालेला, वाटेचा ओढा झालेला, कातळावर शेवाळ साचलेलें, आणि कुंभार्ली घाटाकडून येणारा वारा अंगांतील ऊब शोषून घेणारा. अशा दिवसांत, आणि त्यांतूनहि रात्रीं, पायीं डोंगर तुडविण्यास कोण निघेल ?

इतिहासांत अशा वेळीं निघालेले दोन प्रकारचे लोक आढळतात. एक, ज्यांना निघाल्यावांचून गत्यंतर नसतें ते; आणि दुसरे, ज्यांना आपलें बळ अजमावून पाहावयाचें असतें ते. पहिल्यांच्या चालीला मोहीम म्हणावें आणि दुसऱ्यांच्या चालीला शर्यत. दोहोंत पाय तेच, पाऊस तोच, अंधार तोच. पण दोहोंचे कायदे निराळे आहेत. शर्यतींत उतरलेल्यांनीं मोहिमेचा कायदा पाळला म्हणजे काय होतें, हें दोन रात्रींच्या हकीकतींवरून कळून येईल.

पहिली रात्र महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे; परंतु ती चालणाराच्या दृष्टीनें फारशी पाहिली जात नाहीं. कोयनेच्या दक्षिणेस, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यांत, पन्हाळा आणि विशाळगड हे दोन किल्ले आहेत. इ. स. १६६० च्या मार्च महिन्यांत विजापूरचा सरदार सिद्दी जौहर यानें पन्हाळ्यास वेढा दिला. शिवाजी महाराज गडावर अडकले. पावसाळा लागला कीं वेढे ढिले पडावयाचे, असा दख्खनचा सामान्य अनुभव. पण जौहरानें भर पावसांतहि पहारा जारी ठेविला. राजापूरच्या वखारींतील इंग्रजहि तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीस आले. शेवटीं शरणागतीचें बोलणें लावून शत्रूस गाफील करण्यांत आलें, गड त्र्यंबक भास्करांच्या हवालीं झाला, आणि १२ जुलैच्या रात्रीं सुमारें सहाशें निवडक पायदळानिशीं महाराज खालीं उतरले. तिथि आषाढी पौर्णिमेच्या सुमाराची. पण आषाढांतील चंद्राचा भरंवसा कोणीं धरावा? शिवा काशीद नांवाच्या एका न्हाव्यानें महाराजांचें सोंग घेऊन शत्रूस चकविलें आणि त्या सोंगाची किंमत आपल्या प्राणांनीं दिली, असें परंपरा सांगते.

पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत पायवाटेनें सुमारें साठ किलोमीटरांचें अंतर आहे. आधीं मसाईचें उघडें पठार, पुढें रान, चिखल, भरलेले ओढे, आणि शेवटीं घोडखिंड. ह्या चालीची रचना पाहण्यासारखी आहे. बरोबर घेतलेले लोक थोडे आणि निवडक होते. त्यांतील बांदलांचे मावळे हिरडस मावळचे, म्हणजे अशाच पावसांत आणि अशाच उतारांवर लहानाचे मोठे झालेले. सिद्दी मसूद पाठीवर आला, तेव्हां तुकडीचे दोन भाग झाले : बाजी प्रभु देशपांडे खिंडींत राहिले आणि महाराज पुढें गेले. विशाळगडाच्या पायथ्याशींहि सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. तो फोडून महाराज गडावर पोहोंचले. खिंडींत बाजी प्रभु आणि त्यांचे कित्येक सोबती पडले. ती खिंड आतां पावनखिंड म्हणून ओळखली जाते. पुढें सप्टेंबरांत पन्हाळा तहानें जौहराच्या हातीं देण्यांत आला.

ह्या सबंध रात्रींत परत फिरण्याची वाट कोठेंच नव्हती. मागें जौहराची छावणी, पाठीवर मसूद, पुढें सुर्वे-दळवी. दमलेल्यानें थांबणें म्हणजे शत्रूच्या हातीं सांपडणें. पोहोंचलें तर स्वराज्य, न पोहोंचलें तर सर्वस्वाचा नाश, असा तो हिशेब होता. म्हणूनच तिनशें माणसांनीं एका माणसासाठीं मरावें, ही गोष्ट त्या रात्रीं शहाणपणाची ठरली. मोहिमेचा कायदा हा असा असतो : साध्य एवढें मोठें असतें कीं त्यासाठीं माणूस खर्चीं घालावा लागतो.

आतां दुसऱ्या रात्रीकडे वळण्यापूर्वीं बालवीरांच्या चळवळीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. तिचे जनक बेडन-पॉवेल हे इंग्रज घोडदळांतील अधिकारी. इ. स. १८७६ मध्यें ते प्रथम हिंदुस्थानांत आले ते लखनौच्या छावणींत. शिपायांना टेहळणी, माग काढणें, रात्रीं दिशा ओळखणें इत्यादि गोष्टी शिकवितां शिकवितां त्यांनीं ह्या विषयावर एक पुस्तक लिहिलें. तें १८९९ सालीं निघालें. लष्करासाठीं लिहिलेलें हें पुस्तक इंग्लंडांतील मुलेंच आवडीनें वाचूं लागलीं, हें पाहून त्यांना नवल वाटलें. १९०७ च्या ऑगस्टांत ब्राउनसी बेटावर विसेक मुलांची पहिली छावणी भरली आणि तींतून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. हिंदुस्थानांत ती १९०९ मध्यें आली. प्रारंभीं तिचीं दारें एतद्देशीय मुलांना बंद होतीं. तेव्हां येथील लोकांनीं आपल्या निराळ्या संस्था काढल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं ह्या शाखा एकत्र होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था अस्तित्वांत आली.

बेडन-पॉवेल यांनीं लष्करांतील कौशल्य घेतलें, पण लष्कराचें साध्य घेतलें नाहीं. शिपायाला शत्रूचा शोध घ्यावयाचा असतो, बालवीराला स्वतःचा. पहिल्या वर्गाच्या परीक्षेंत मुलानें सात मैल पायीं जावें, परत यावें, आणि वाटेंत काय पाहिलें तें लिहून द्यावें, असें त्यांनीं ठरविलें. त्या परीक्षेंत घड्याळाला फारसें महत्त्व नव्हतें. मुलगा शाबूत परत आला आणि डोळे उघडे ठेवून आला, म्हणजे तो उतरला. पुढें मोठ्या वयाच्या मुलांसाठीं रोव्हर ही शाखा निघाली. तरुण रक्ताला सात मैल पुरेनात. लांब पल्ल्याच्या, रात्रभर चालण्याच्या आणि तुकड्यातुकड्यांत चढाओढ लावणाऱ्या स्पर्धा सुरू झाल्या.

त्यांपैकीं एक स्पर्धा इंग्लंडांतील डर्बीशर परगण्यांत १९५७ पासून भरूं लागली. डोंगरांतील चार जुन्या खानावळींच्या जागा वाटेवर लागत, म्हणून तिला चार खानावळींची चाल असें नांव पडलें. अंतर चाळीस मैलांहून अधिक. तेथील डोंगर उंचीनें कांहीं विशेष नाहींत. कोयनेच्या खोऱ्यांतील वासोट्याची उंची साधारण त्यांच्या दुप्पट भरेल. परंतु वरचीं पठारें उघडीं, दलदलीचीं आणि वाऱ्याला कसलाहि अडसर नसलेलीं. सकाळीं एकामागून एक तुकड्या सोडावयाच्या, ठिकठिकाणच्या चौक्यांवर त्यांची नोंद व्हावयाची, आणि रात्र चालून काढून दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बक्स्टन गांवीं पोहोंचावयाचें, अशी एकंदर योजना.

१४ मार्च १९६४ रोजीं ह्या स्पर्धेस २४० तरुण निघाले. दिवस चढला तशी हवा बिघडली. थंड पाऊस लागला, वारा वाढला, ओढे फुगले. नेहमीं तासाभरांत होणाऱ्या टप्प्याला दुप्पट वेळ लागूं लागला. तुकड्या गळूं लागल्या. शेवटपर्यंत पोहोंचले ते अवघे २२. आल्पोर्टच्या खोऱ्याच्या भागांत कांहीं तरुण चालतां चालतां कोसळले. शोधाला माणसें निघालीं. तो शोध पुढेंहि चालू राहिला. परंतु विशींच्या आंतबाहेरचे तीन रोव्हर प्राणांस मुकले. ज्या मुलांचीं नांवें विजेत्यांच्या यादींत यावीं म्हणून घरचे वाट पाहत होते, त्यांच्याच घरीं ही वार्ता गेली. पाठीवर शत्रू नव्हता, पुढें गड नव्हता, मागें वळण्यास कोणाचीहि आडकाठी नव्हती. होती ती एवढीच कीं, मागें वळणें लाजिरवाणें वाटत होतें.

हें कां घडलें, याची चिकित्सा ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञांनीं केली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले हेच ते प्यू. त्यांचा लेख त्याच वर्षीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मनुष्य मरण्यास बर्फ लागत नाहीं, हा त्यांतला मुख्य बोध. कोरड्या कपड्यांत अडकून राहिलेली हवा अंगाची ऊब राखते. तेच कपडे भिजले आणि त्यांवर वारा सुटला कीं त्यांचा तो गुण बहुतेक नाहींसा होतो. जोंवर मनुष्य जोरानें चालत असतो तोंवर स्नायूंच्या श्रमानें निर्माण होणारी उष्णता ही तूट भरून काढते. परंतु तो थकला, त्याची चाल मंदावली, कीं उत्पन्न घटतें आणि खर्च तसाच राहतो. दिवाळें निघावयास मग वेळ लागत नाहीं. शरीराची उष्णता सदतीस अंशांवरून पस्तिसाच्या खालीं उतरली म्हणजे प्रथम डोकें चालेनासें होतें. मनुष्य अडखळतो, चिडतो, बोलणें जड होतें. आणि सर्वांत घातक गोष्ट ही कीं, विचारल्यास तो आपल्याला कांहींच झालें नाहीं असें सांगतो. म्हणजे ज्याला थांबण्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती सर्वांत कमी कळते. ती ओळखावयाची त्याच्या सोबत्यांनीं. आणि शर्यतींत सोबत्यांचें लक्ष पुढच्या चौकीकडे लागलेलें असतें.

ह्या तीन मृत्यूंनीं इंग्लंडांतील लोकांचे डोळे उघडले. त्या डोंगराळ भागांतील निरनिराळीं बचावपथकें त्याच वर्षीं एका संघटनेखालीं आणण्यांत आलीं. स्पर्धा बंद पडली नाहीं. परंतु कपडे कोणते, शिधा किती, कोणत्या चौकीवर कोणाला अडवावें, यांविषयीं काटेकोर दक्षता घेतली जाऊं लागली. बळाची परीक्षा राहिली. तिच्याभोंवतीं कुंपण आलें.

आपल्याकडचा पाऊस तितका थंड नसतो, हें खरें. पण भिजलेलें सुती वस्त्र, उघड्या सड्यावरचा वारा, रिकामें पोट आणि रात्रीची थकावट हीं चारहि एकत्र आलीं तर सह्याद्रींतहि अंग गारठतें. शिवाय शेवाळलेला कडा आणि एका तासांत छातीपर्यंत चढणारा ओढा हे धोके आपले खास. ह्या गोष्टी कोयनाकांठच्या शेतकऱ्याला कोणीं शिकवाव्या लागल्या नाहींत. भातलावणीच्या वेळीं तो पाठीवर इरलें घेत असे : पाऊस आणि वारा दोन्ही अडतात, हात मोकळे राहतात. घाटावरचा धनगर खांद्यावर घोंगडी टाकतो. लोंकर भिजली तरी सुतापेक्षां अधिक ऊब धरते. प्यू यांनीं प्रयोगानें काढलेला निष्कर्ष इरल्यांत आणि घोंगडींत आधींच विणलेला होता.

दरवर्षीं जुलैमध्यें पन्हाळा ते पावनखिंड ह्या वाटेनें हजारों तरुण पायीं जातात. १६६० च्या त्या रात्रीचें स्मरण अंगावर पाऊस घेऊन करावें, ही गोष्ट खरोखरच अभिमानाची आहे. उलट पक्षीं, पावसाळ्यांत वासोट्याची वाट वनखातें बंद ठेवतें, तेव्हां कित्येकांस तें जाचक वाटतें. मावळे गेले ते आम्ही कां जाऊं नये, असा त्यांचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नाचें उत्तर त्या रात्रीच्या इतिहासांतच आहे. मावळे गेले, कारण त्यांना परतण्याची वाट नव्हती. जिला परतण्याची वाट आहे, ती चाल कितीहि खडतर असली तरी शर्यत किंवा सफरच होय. आणि तिचा पहिला नियम असा कीं, तुकडीचा वेग तींतील सर्वांत दमलेल्या गड्यावरून ठरवावा, आणि तो बोलेनासा झाला तर तेथेंच थांबून सर्वांनीं मिळून माघारीं वळावें.

घोडखिंडींत जे मागें राहिले, ते पुढच्यांसाठीं राहिले. बालवीरांच्या चालींत मागें राहणाऱ्यासाठीं पुढच्यांनीं थांबावें. दोहोंतहि माणसानें माणसासाठीं आपला मार्ग सोडला आहे. पावसाळी रात्रीं तुकडी घेऊन निघणाऱ्या प्रत्येक नायकानें गड उतरण्यापूर्वीं, आपण मोहिमेवर निघालों कीं शर्यतीला, एवढें एकदां मनाशीं ठरवावें आणि मग पहिलें पाऊल टाकावें.