दोन मंडया आणि एक नाव

पुण्याची मंडई आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट या दोन्ही इमारतींवर आज एकाच पुरुषाचे नाव आहे: महात्मा जोतीराव फुले. गंमत अशी की, यांपैकी पुण्याची इमारत बांधू नये असे नगरपालिकेत सांगणारे जोतीरावच होते. आणि मुंबईची इमारत ज्या साहेबाच्या अमदानीत झाली, त्याच्या सढळ हातामुळेच आपल्याकडे करदात्याला मताचा हक्क मिळण्यास निमित्त घडले. भाजीच्या पिशव्या घेऊन या मंडयांत आपण जन्मभर येरझारा घालतो. त्यांच्या भिंतींत आपल्याच कराचा इतिहास चिणलेला आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

आधी मुंबईकडे वळू. १८६५ च्या कायद्याने तेथील नगरकारभार आजन्म नेमलेल्या जस्टिस मंडळींच्या हाती गेला. पण खरी सत्ता म्युनिसिपल कमिशनरची. हे पद आर्थर क्रॉफर्ड यांच्याकडे आले. माणूस कर्तबगार, यात शंका नाही. रस्ते, गटारे, साफसफाई यांवर त्याने धडाक्याने काम केले, आणि १८६९ मध्ये ती देखणी मंडईही उभी राहिली. पण खर्चाचा मेळ जमेना. कर वाढले, तिजोरीत खड्डा पडला, आणि १८७१ साली घरमालक व व्यापारी मंडळी खवळून उठली. क्रॉफर्डला हाकला, एवढीच बहुतेकांची मागणी होती.

त्या वर्षी २९ नोव्हेंबरला फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी या प्रश्नावर एक निबंध वाचला. सभेचा रोख ओळखून चार टाळ्यांची वाक्ये फेकणे त्यांना सोपे होते. त्यांनी नेमके उलट केले. कमिशनरच्या हाती कारभार एकवटला यात चूक नाही, असे ते म्हणाले. त्याला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नाही, ही चूक आहे. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. तरीही १८७२ च्या कायद्यात हाच विचार बऱ्याच अंशी उतरला. ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली, आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे ठरले. वसंतात व्याख्याने ऐकायला जमणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कारण व्याख्यानाने काय होते, असा प्रश्न आपल्या घरी दरवर्षी विचारला जातो.

अर्थात ‘करदाता’ म्हणजे कोण, हे पाहिले पाहिजे. वर्षाला पन्नास रुपये पट्टी भरणाऱ्यालाच मत होते. चाळीत भाड्याने राहणारा गिरणीकामगार तो नव्हे. मंडईत टोपली घेऊन बसणारी बाई तर नव्हेच. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली ती १९४८ साली.

पुण्यात नगरपालिका १८५७ पासूनची. जोतीराव तिचे सभासद झाले १८७६ मध्ये, आणि तेही सरकारनियुक्त. म्हणजे ज्याला कोणी निवडून दिले नव्हते, तोच गृहस्थ न निवडणाऱ्यांची बाजू मांडत बसला! व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटेच होते, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे. गावात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध १८८० साली त्यांनी लेखी तक्रार केली. आणि मंडईचा बेत निघाला तेव्हाही त्यांनी तेच विचारले: एवढा पैसा दगडाविटांत घालण्यापेक्षा शाळांत का घालू नये?

या आक्षेपाला एक विशेष वजन होते. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगडाचा भाव, मजुरी आणि अंदाजपत्रकाला सुटणारे पाय त्यांना कोणी शिकवायला नको होते.

मंडई झाली ती झालीच. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानावर भरत असे. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ सुरू झाले. आम्हाला विचाराल तर इमारत चांगली झाली. तो अष्टकोनी घाट आणि मधला मनोरा यांवाचून आज पुण्याची कल्पना करवत नाही, आणि उन्हापावसात बसणाऱ्या विक्रेत्यांना छप्पर हवेच होते. पण म्हणून जोतीरावांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. मतभेद झाला तो इमारतीच्या रूपावर नव्हे. गावाच्या पैशातून आधी काय घ्यायचे, यावर झाला.

क्रॉफर्डसाहेबांचे पुढे काय झाले? ते मध्य विभागाचे कमिशनर होऊन पुण्यास आले. १८८८ मध्ये लाचलुचपतीच्या आरोपांवरून त्यांची चौकशी झाली, आणि ती महाराष्ट्रभर गाजली. लाच घेतल्याचा आरोप शाबीत झाला नाही, परंतु हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे उचलल्याबद्दल नोकरी गेली. साक्ष देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी उचलून धरली.

जोतीरावांच्या वाट्याला पुण्यात मान उशिराच आला. १९२५ साली केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत त्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला, तेव्हा केवढे रणकंदन माजले! १९३० नंतरच्या दशकात आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकाराने ‘रे मार्केट’ची ‘महात्मा फुले मंडई’ झाली. नको म्हणणाऱ्याचेच नाव इमारतीला मिळाले. जोतीराव हसले असते, की पुन्हा अंदाजपत्रक मागितले असते, कोण जाणे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ त्यांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. त्या दिवसांत पट्टीची बिले वेळेवर येत होती. गल्लीतला दिवा गेला तर कोणाच्या दारात जायचे, हे मात्र मंडईत शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही सांगता येत नव्हते.