धूळ, उष्णता आणि पंखा: घरगुती गेम कन्सोलचा एक दुर्लक्षित इतिहास

#थ्रेड १/
सोलापूरजवळचे कुंभारी हे गाव श्रमिकांच्या घरांसाठी ओळखले जाते. २००६ मध्ये येथे महिला विडी कामगारांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत साकारली. १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरातील १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. अशा घरात व्हिडिओ गेमचा कन्सोल आला, तर त्याचा पहिला शत्रू धूळ असते.

२/
हा शत्रू सोलापूरला नवा नाही. १८७७ मध्ये येथे ‘जुनी मिल’ सुरू झाली. तेव्हापासून कापसाचे सूक्ष्म तंतू या शहराच्या हवेचा भाग झाले. यंत्रमागावर तेच तंतू उडतात, विडी वळताना तंबाखूची भुकटी उडते आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. हवा आत ओढणारे कोणतेही यंत्र हे सारेच ओढून घेते.

३/
आरंभीच्या कन्सोलना मात्र पंखाच नव्हता. १९७७ च्या अटारीचा प्रोसेसर जेमतेम १.१९ मेगाहर्ट्झवर चाले. १९८३ चा निन्टेन्डो फॅमिकॉमही पंख्याविना थंड राही. नव्वदच्या दशकात भारतीय घरांत टीव्हीला जोडलेली यंत्रे बहुतांशी या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. तेव्हा ‘सफाई’ म्हणजे कार्ट्रिजमध्ये फुंकर मारणे. श्वासातील ओलाव्याने धातूचे संपर्कबिंदू खराब होतात, म्हणून निन्टेन्डोने ही सवय टाळण्याचा सल्ला दिला होता.

४/
पुढे चित्रे त्रिमितीय झाली, चिपवरील भार वाढला आणि उष्णताही वाढली. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टमध्ये आणि २००० च्या प्लेस्टेशन २ मध्ये पंखा होता. येथून कन्सोल श्वास घेऊ लागला आणि धूळही गिळू लागला.

५/
उष्णतेची किंमत जगाला २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ने दाखवली. ३.२ गिगाहर्ट्झचा तीन गाभ्यांचा प्रोसेसर, वारंवार तापणे आणि थंड होणे, त्यातून चिपचे सूक्ष्म जोड तुटणे आणि समोर पेटणारे लाल दिवे! जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली व त्यापोटी १ अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली. येथे मूळ दोष रचनेचा होता, धुळीचा नव्हे. परंतु उष्णता बाहेर न पडल्यास काय घडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

६/
धूळ हेच संकट सावकाश आणते. चिपवरील धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये तिचा थर बसतो आणि हवेचा मार्ग अडतो. पंखा अधिक वेगाने फिरतो, आवाज वाढतो. अखेरीस यंत्र स्वतःच बंद पडते.

७/
उपाय साधा आहे. प्लग काढून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. पंख्याचे पाते बोटाने स्थिर धरून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. हवेच्या झोताने पाते मोकळे फिरू दिल्यास बेअरिंगला इजा होऊ शकते. ओले फडके वर्ज्य. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तर बाहेरील आवरण काढताच दिसणारी, धूळ शोषून घेण्यासाठीची छिद्रेच दिली आहेत.

८/
मग लोक यंत्र उघडण्यास का कचरत? कारण ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असे सांगणारा स्टिकर. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा अटींबाबत सहा कंपन्यांना इशारा दिला. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो होत्या. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले.

९/
श्रीमंत ग्राहकासाठी बिघडलेला कन्सोल म्हणजे नव्या खरेदीचे निमित्त. मजुरीतून शिल्लक टाकणाऱ्या कुटुंबासाठी तो पुन्हा सहज न मिळणारा आनंद असतो. यंत्रांचा इतिहास शोधकांच्या नावांनी लिहिला जातो. यंत्रांचे आयुष्य मात्र धूळ झाडणारे हातच वाढवतात. गिरणीत हेच खरे होते, कन्सोलबाबतही हेच खरे आहे.