शेअरांच्या तारणावर उभी राहिलेली बँक

१ जुलै १८६५ या दिवशी मुंबईत वायद्याच्या सौद्यांची फेड व्हायची होती. ती झाली नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला, आणि त्या दुसऱ्याजवळही किंमत उरलेले काही नव्हते.

हा पैसा आला कुठून, हे आपल्याला ठाऊकच असेल. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा लोंढा आला की त्याला वाट लागते. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांची तर धूम! जमीन अजून पाण्याखाली, पण शेअर मात्र आभाळात.

यात 'बँक ऑफ बॉम्बे' कशी सापडली, ते पाहण्याजोगे आहे. ही १८४० सालची बँक. तिच्यात सरकारचे भांडवल, संचालक मंडळावर सरकारची माणसे; त्यामुळे लोक निर्धास्त. पूर्वी कर्ज कशावर द्यावे याला कायद्याचा लगाम होता. १८६३ च्या कायद्याने तो ढिला केला आणि कंपन्यांचे शेअर तारण म्हणून चालू लागले. मग काय झाले? शेअर ठेवून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. मागणी वाढली की भाव चढे, भाव चढला की त्याच कागदावर जास्त कर्ज मिळे. बँकेच्या वहीत तारण भरभक्कम दिसे. पण ऋणको आणि तारण दोन्ही एकाच वाऱ्यावर तरंगत होते, हे कुणी पाहावे? कित्येक कर्जे तर नुसत्या सहीवर गेली. सट्ट्याचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद हे बँकेच्या संचालकांपैकीच. त्यांचा शब्द म्हणजे पत, असा तो काळ. या गृहस्थांचे दातृत्व मोठे होते, यात शंका नाही. पण दातृत्व वेगळे आणि पत वेगळी.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली, कापूस कोसळला, आणि ऋणको नि तारण बरोबरच बुडाले. स्वतः प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. बँकेचे जवळजवळ सगळे भागभांडवल गेले आणि १८६८ साली ती गुंडाळावी लागली. सरकारी बँक म्हणून ज्यांनी तिचे शेअर घेतले होते, त्यांच्या हाती काय उरले असेल, त्याची कल्पना आपणच करा.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी मंडळाने १८६३ च्या कायद्याला दोष दिला, तसाच बँकेच्या सेक्रेटरींना आणि डोळेझाक करणाऱ्या संचालकांनाही. अगदी रास्त! कायद्याने दार उघडले खरे, पण आत कोणाला घ्यायचे ते माणसांनीच ठरवले होते ना?

१८६८ सालीच नवी बँक ऑफ बॉम्बे निघाली. १९२१ मध्ये ती इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये पुढे स्टेट बँकेत गेली. मधल्या काळात, १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने लगाम पुन्हा आवळला: स्थावरावर कर्ज नाही, आणि हुंडीवर एकमेकांशी भागीदारी नसलेल्या दोघांच्या सह्या हव्यात. सरकारने आपले भांडवलही काढून घेतले.