तळटीप : कडियाळ्याची बसणी

भातवडीला (१६२४) लढलेल्या मलिक अंबरच्या घोडदळातल्या भालाइताला रास एकाच हाती धरावी लागे. मानेवर रास टेकवून घोडा वळवायचा, तर कडियाळे तोंडात नेमके बसलेले हवे. तशीच एका हाती रास धरणाऱ्या अमेरिकी गुराख्यांच्या सरंजामालाही हेच लागू. कडियाळे पुढच्या दातांमागच्या रिकाम्या हिरडीवर टेकावे, ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडावी, गळपट्ट्यात चार बोटे शिरावीत, हनुवटीच्या पट्ट्यात दोन. सैल पट्टे म्हणजे दया, असा आक्षेप येतो. पण लोंबते कडियाळे नराच्या सुळ्यांवर आपटते, घोडा जीभ त्यावरून काढतो, आणि स्वार रास आणखीच हिसडतो. दया राहते बाजूला. भीमथडी तट्टू अंगाने लहान, त्याला परदेशी मापाचे पट्टे शेवटच्या भोकातही ढिले पडू शकतात. तिथे नवे भोक पाडावे, गाठ मारून भागवू नये.